माळावर झाडं लावणं थांबवा

पावसाळा तोंडावर आला की गावोगाव खड्डे खणायला सुरुवात होते. शाळा, ग्रामपंचायती, साखर कारखाने, पतपेढ्या, गणेश मंडळं, सगळ्यांचं वृक्षारोपण ठरलेलं असतं. रोपं लावायची कुठे, असं कुणी विचारलं तर उत्तरही ठरलेलं असतं: गावाबाहेरच्या माळावर, तो मोकळाच पडलाय ना! राज्य सरकारनं २०१६ मध्ये २ कोटी झाडांचा संकल्प सोडला, पुढच्या वर्षी ४ कोटींचा, मग १३ कोटींचा आणि २०१९ मध्ये ३३ कोटींचा. एवढ्या झाडांना जागा लागते. शेतकरी आपलं वावर देणार नाही, जंगलात झाडं आधीच उभी आहेत. मग राहतो तो माळ.

झाडं लावणाऱ्यांच्या मनातला भाव खरा असतो, याबद्दल मला शंका नाही. ओढ्याकाठी, रस्त्याच्या कडेला, शाळेच्या आवारात, शेताच्या बांधावर त्यांनी जरूर झाडं लावावीत. वड, पिंपळ, चिंच, कडुलिंब, जे तिथं जगेल ते. पण पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागापासून सोलापूर, अहिल्यानगर, सातारा-सांगलीचा दुष्काळी पट्टा, बीड, धाराशिवपर्यंत पसरलेल्या माळरानांवर ओळीनं खड्डे घेऊन दाट झाडी उभी करायचा जो खटाटोप चालला आहे, तो बंद व्हायला हवा. त्यानं तिथला निसर्ग वाढत नाही, होता तोही मोडतो.

या आग्रहाच्या मुळाशी एक समजूत आहे. माळ म्हणजे कधीकाळचं जंगल. माणसानं तोडलं, गुरांनी खाल्लं आणि बोडकं झालं. तेव्हा झाडं लावणं म्हणजे निसर्गाची परतफेड, अशी ती समजूत. इंग्रजांच्या काळातल्या वनखात्यानं ती रुजवली. लाकडाच्या हिशेबात जी जमीन काही देत नाही ती निकामी, हा त्यांचा व्यवहार होता. आपण तो व्यवहार विसरलो आणि समजूत तेवढी जपून ठेवली.

सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत वर्षाला जेमतेम ५००-६०० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बेभरवशाचा. वीतभर मातीखाली मुरूम लागतो, त्याखाली काळा कातळ. अशा जमिनीवर गवत राज्य करतं आणि झाडं विरळ, खुरटी, काटेरी राहतात: हिवर, बोर, बाभूळ, खैर, मध्ये मध्ये तरवडाची झुडपं. हे हजारो वर्षांचं चित्र आहे. त्याचा पुरावा आपल्याच घरात निघाला. आशीष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या अभ्यासकांनी २०२५ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. तेराव्या शतकापासूनचं मराठी वाङ्मय, संतचरित्रं, ओव्या, दैवतकथा त्यांनी चाळल्या आणि त्यात कुठल्या ठिकाणी कुठल्या झाडाझुडपाचा उल्लेख येतो ते टिपलं. ४४ रानवनस्पती सापडल्या आणि त्यातल्या निम्म्याहून अधिक उघड्या माळावर वाढणाऱ्या निघाल्या. साडेसातशे वर्षांपूर्वीचे लोक ज्या काट्याकुट्यांतून चालत होते, तेच काटेकुटे आज आपण जंगलतोडीचा परिणाम म्हणून दाखवतो आहोत. आणि मुळात धनगराचा देव कुठे बसतो ते पाहिलं तरी हे कळायला हरकत नव्हती. जेजुरीचा खंडोबा, वीरचा म्हस्कोबा, ठिकठिकाणचा बिरोबा, ही मेंढपाळांची दैवतं आहेत आणि मेंढपाळ घनदाट अरण्यात राहत नाही.

माळ रिकामा दिसतो तो उन्हाळ्यात, तेही आपण गाडीतून बघतो म्हणून. दसरा-दिवाळीच्या सुमारास त्यावरून पायी चालत जा. गुडघ्याएवढी कुसळी पिकलेली असते आणि दहा पावलांत पायजम्याला तिची कुसळं चिकटतात. त्यातलं एक कुसळ तळहातावर घेऊन त्यावर थेंबभर पाणी टाका. पिळ घातलेल्या दोरीसारखी त्याची शेपटी उलगडायला लागते आणि कुसळ हातावरच गोल गोल फिरू लागतं. पुढच्या टोकाला सुईसारखं टोकदार बी, त्यावर मागे वळलेले बारीक केस. दंव पडलं की शेपटी उलगडते, ऊन चढलं की पुन्हा पिळते, आणि या पिळण्या-उलगडण्यातून बी स्वतःला मातीत घुसवत नेतं. मागच्या केसांमुळे ते उलटं बाहेर येत नाही. हेच कुसळ मेंढीच्या लोकरीत अडकून कातडीला टोचतं, म्हणून धनगर त्याला शिव्या घालतो आणि कुसळी फुलण्याआधी ती चारून घेतो. ज्या जमिनीवर एका गवताच्या बीनं स्वतःला पेरण्याची एवढी हिकमत शोधून काढली, ती जमीन काही कालपरवा उजाड झालेली नाही. कुसळीबरोबर पवन्या असतो, मारवेल असतं, डोंगरी गवत, रोशा. त्यांच्या आडोशानं चंडोल आणि धाविक जमिनीवर अंडी घालतात, चिंकारा आपलं पाडस दडवतो, आणि लांडगीण एखाद्या ओघळीत पिलं वाढवते.

सरकारी नोंदीत मात्र यातलं काही नाही. केंद्राच्या भूसंसाधन विभागानं २०१९ मध्ये काढलेल्या पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहात देशाची साडेपाच कोटी हेक्टरांहून अधिक, म्हणजे जवळजवळ १७ टक्के जमीन पडीक दाखवली आहे. झुडपी माळरानं त्यातच येतात. एम. डी. मधुसूदन आणि अभी वनक या संशोधकांनी उपग्रहाच्या चित्रांवरून कमी पावसाच्या प्रदेशातल्या अशा उघड्या नैसर्गिक जमिनींचा नकाशा केला, तेव्हा त्या देशाच्या भूभागाच्या सुमारे १० टक्के भरल्या. अभयारण्यं आणि राष्ट्रीय उद्यानांत त्यांचा ५ टक्केही वाटा नाही. जंगल म्हणून जपायचं तर पुरेशी झाडं नाहीत, शेत म्हणून जपायचं तर पीक नाही. मग ज्याला जागा हवी तो माळाकडे बोट दाखवतो. औद्योगिक वसाहत आली, माळावर. साठवण तलाव, डेपो, कचरा, माळावर. अलीकडे कृषिपंपांना दिवसा वीज देण्यासाठीचे सौर प्रकल्प गायरानांवर येत आहेत. दिवसा वीज शेतकऱ्याला मिळायलाच हवी. पण गायरानाचा चारा खाणाऱ्या मेंढ्यांनी जायचं कुठे, हे प्रकल्प मंजूर करताना कोण विचारतं? भारतानं २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या वाळवंटीकरणविरोधी परिषदेला दिलेली आकडेवारी सांगते की २००५ ते २०१५ या दहा वर्षांत देशातली गवताळ जमीन १ कोटी ८० लाख हेक्टरांवरून १ कोटी २३ लाख हेक्टरांवर आली. म्हणजे ३१ टक्के घट. एवढं जंगल दहा वर्षांत गेलं असतं तर रस्त्यावर मोर्चे निघाले असते.

आणि या सगळ्यांत मला सर्वात जास्त डाचतं ते हे, की माळ मोडणाऱ्यांत पर्यावरणाचं नाव घेणारेच पुढे आहेत. झाडं लावणाऱ्याला त्याबदल्यात गुण देणाऱ्या केंद्र सरकारच्या हरित क्रेडिट योजनेचे २०२४ मधले नियम पाहा. त्यांत झुडपी जमीन आणि पडीक जमीन वृक्षलागवडीसाठी पात्र धरली आणि हेक्टरी किमान १,१०० झाडांची घनता घालून दिली. ज्या जमिनीवर निसर्गानं हेक्टरी पाच-पंचवीस हिवर-बोरी ठेवल्या तिथं अकराशे झाडं! धरणात किंवा खाणीत गेलेल्या जंगलाची भरपाई म्हणून होणारी लागवडही बऱ्याचदा अशाच उघड्या जमिनींच्या वाट्याला येते. एक जंगल जातं, त्याच्या बदल्यात एक माळही जातो आणि कागदावर हिशेब पूर्ण होतो.

जमिनीवर काय होतं ते सांगतो. आधी यंत्र लावून सलग समतल चर खणतात. शेकडो वर्षांत विणलेला गवताच्या मुळांचा थर उलटा होतो, खालचा मुरूम वर येतो. चराच्या भरावावर स्टायलो हेमाटा हा परदेशी चारा पेरतात, खड्ड्यांत ग्लिरिसिडिया, सुबाभूळ किंवा असंच काही भराभर वाढणारं लावतात. पहिल्या दोन उन्हाळ्यांत बरीच रोपं जळतात. जी जगतात त्यांच्या सावलीत माळाचं गवत तग धरत नाही, कारण ही सगळी उन्हात वाढणारी गवतं आहेत. उकरलेल्या जागेत गाजरगवत शिरतं, पाठोपाठ घाणेरी आणि वेडी बाभूळ. पुणे-सातारा रस्त्यानं किंवा सोलापूरकडे जाताना ग्लिरिसिडियानं भरलेल्या टेकड्या दिसतात. लांबून छान हिरव्या वाटतात. तिथं आत शिरून मेंढीच्या तोंडाला येईल असं काय उगवलंय ते बघा.

माळढोक पक्ष्याचं उदाहरण आपल्याला ठाऊक आहे. १९७९ मध्ये सोलापूर-अहिल्यानगर भागात ८,४९६ चौरस किलोमीटरचं माळढोक अभयारण्य जाहीर झालं. त्यात गावं, शेतं, बाजारपेठा, सगळंच आलं. लोक वैतागले, पुढे न्यायालयात जाऊन क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आणावं लागलं. कागदावर अफाट अभयारण्य होतं, पण पक्ष्याला लागणारं सलग गवत सोलापूरजवळच्या नान्नजसारख्या तुकड्यांत उरलं. माळढोकाची मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडं घालते आणि तिला लांबवर नजर पोचेल अशी मोकळी जागा लागते. आज देशभरात हे पक्षी दीडशेच्या आसपास उरले आहेत, जवळपास सगळे राजस्थानात. नान्नजला एखादा दिसला तर त्याची बातमी होते. लांडगा अजून आहे. देशात तीन हजारांच्या आसपास असतील, म्हणजे वाघांपेक्षाही कमी. वाघासाठी किती व्याघ्र प्रकल्प आहेत आणि लांडग्यासाठी काय आहे, हा हिशेब ज्यानं त्यानं करावा.

मोडलेलं पुन्हा उभं करता येतं, असं म्हणणाऱ्यांनी अमेरिकेतल्या प्रेअरीची गोष्ट समजून घ्यावी. तिथं गवताळ प्रदेशाचा शत्रू झाड नव्हतं, नांगर होता. जॉन डीअरनं १८३७ मध्ये पोलादी नांगर बनवला आणि माणसाच्या डोक्यावर जाणाऱ्या गवताची घट्ट मुळं पहिल्यांदा सहज कापली जाऊ लागली. शंभर वर्षांत उंच गवताची प्रेअरी मक्याखाली गेली. इलिनॉय राज्य स्वतःला अभिमानानं प्रेअरीचं राज्य म्हणवतं; तिथं एके काळी सुमारे २ कोटी २० लाख एकर प्रेअरी होती, तिच्यातली मूळ स्थितीतली आज अडीच हजार एकरांच्या आसपास आहे. ती उरली रेल्वेच्या कडेला आणि जुन्या दफनभूमींत, जिथं नांगर पोचला नाही. सलग अशी प्रेअरी कॅन्सासच्या फ्लिंट हिल्समध्येच राहिली, तीही जमीन खडकाळ म्हणून. आपला माळही मुरमामुळेच इतकी वर्षं टिकला. पोकलेन आणि जेसीबी आल्यावर तो आधार गेला.

चूक लक्षात आल्यावर अमेरिकेतल्या लोकांनी कामाला हात घातला. विस्कॉन्सिन विद्यापीठानं १९३० च्या दशकात मॅडिसन इथं एका जुन्या शेताच्या जागी प्रेअरी परत आणायचं ठरवलं. दूरदूरच्या उरल्यासुरल्या तुकड्यांतून बी आणि मातीसकट गवताचे गड्डे आणून लावले, मंदीत बेकार झालेल्या तरुणांनी घाम गाळला. १९४० च्या दशकात तिथं जाणूनबुजून आग लावून पाहिली, तेव्हा लक्षात आलं की आगीशिवाय प्रेअरी टिकतच नाही. कर्टिस प्रेअरी म्हणून ती जागा प्रसिद्ध आहे. नव्वद वर्षं होत आली, विद्यापीठ पाठीशी आहे, अभ्यासक आहेत, पैसा आहे, आणि अजूनही तिथं घुसखोर गवताशी आणि झुडपांशी झगडा चालूच आहे. आशीष नेर्लेकर आणि जोसेफ वेल्डमन यांनी २०२० मध्ये जगभरच्या गवताळ प्रदेशांचे अभ्यास एकत्र करून पाहिले. एकदा नांगरलेल्या किंवा झाडांखाली गेलेल्या गवताळ जमिनीला जुनी वनस्पतिविविधता परत मिळवायला किमान शंभर वर्षं आणि बहुतेकदा हजारो वर्षं लागतात, असं त्यांना आढळलं. वरचं गवत लवकर येतं. जमिनीखाली कंद आणि खोडं राखून असणाऱ्या छोट्या वनस्पती येत नाहीत. म्हणून मी पुनरुज्जीवनाच्या आधी एका साध्या गोष्टीवर अडून बसतो. जो माळ अजून उकरला गेलेला नाही त्याला हात लावू नका. तो गेल्यावर आपल्या नातवंडांच्या नातवंडांनाही तो परत करता येणार नाही.

प्रेअरीकडून दुसरी गोष्ट शिकायची ती चराईची. आपल्याकडे आदर्श गाव म्हटलं की कुऱ्हाडबंदीबरोबर चराईबंदी आलीच. डोंगरउतारावर काही वर्षं ती ठीक असेल, पण माळ चरण्यावरच घडलेला आहे. गवताचा वाढता कोंब जमिनीलगत असतो, वरचं पातं खाल्लं तर ते पुन्हा फुटतं. अजिबात खाल्लं नाही तर वाळलेल्या काडांचा थर साचून खालची बारीक रोपं गुदमरतात. कॅन्सासच्या कोंझा प्रेअरीत बायसन, म्हणजे तिथले रानगवे, परत सोडले, तेव्हा जवळपास तीस वर्षांत तिथल्या स्थानिक वनस्पतींची संख्या दुप्पट झाल्याचं २०२२ मध्ये प्रसिद्ध झालं. आपल्या माळावरच्या काळविटांचे कळप गेले, त्यांच्या तोंडाचं काम बऱ्याच अंशी धनगरांच्या मेंढ्यांनी केलं. पावसाळ्यात कळप माळावर, दिवाळीनंतर मावळात आणि कोकणात, वाटेत शेतकऱ्याच्या वावरात मेंढरं बसवायची, लेंडीखताच्या बदल्यात धान्य किंवा पैसे घ्यायचे, मृगाच्या आसपास परत. या फिरण्यामुळे माळाला आपोआप विसावा मिळत होता. आता वनीकरणाच्या जागेला कुंपण पडलं, गायरान गेलं, त्यामुळे तेवढेच कळप उरलेल्या तुकड्यावर दाटीवाटीनं चरतात. मग आपणच म्हणायचं की बघा, मेंढ्यांनी माळ संपवला. अतिचराई खरी आहे, मी ती नाकारत नाही. पण तिचं कारण मेंढीच्या तोंडात शोधण्यापेक्षा सातबाऱ्यात शोधावं. २०२६ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी कुरणांचं आणि पशुपालकांचं वर्ष म्हणून जाहीर केलं आहे. धनगरांना गावोगावच्या कुरण समित्यांवर जागा देण्यासाठी याहून चांगलं निमित्त काय असणार?

आगीबद्दल मात्र अमेरिकेची नक्कल करू नये. तिथं ठरावीक भाग, ठरावीक वर्षाआड, वाऱ्याचा अंदाज घेऊन जाळतात. आपल्याकडे माघ-फाल्गुनात दरवर्षी सगळाच माळ पेटवला जातो, बऱ्याचदा बिडीच्या थोटकानं किंवा नवं गवत चांगलं फुटतं या समजापोटी, आणि चारा, किडे, घरटी सगळं जळतं. इथल्या कोरड्या माळाला किती आग सोसते याचा अभ्यास इथंच व्हायला हवा.

आपल्याकडे दाखवण्यासारखं काम होतच नाही असंही नाही. अकोला-वाशीम भागात फासेपारधी समाजातली माणसं ‘संवेदना’ संस्थेच्या साथीनं गवताळ तुकडे राखतात, वणव्यापासून जपतात, तणमोर हा गवतातला दुर्मीळ पक्षी येतो का त्यावर लक्ष ठेवतात. पिढ्यान्‌पिढ्या पक्षी धरणाऱ्या समाजाइतकं तणमोराचं येणंजाणं दुसरं कुणाला कळणार? मेळघाटात वैराट, चुर्णीसारखी गावं उठली, तिथल्या जुन्या शेतांवर गवताची मोठी कुरणं उभी राहिली आहेत. इंदापूर तालुक्यात कडबनवाडीला लोक चिंकारा आणि लांडगा बघायला पैसे मोजून येतात. रेहेकुरीचं काळवीट अभयारण्य अवघं सव्वादोन चौरस किलोमीटरचं आहे, तरी तिथं काळविटं टिकली. म्हणजे माळाला अफाट जागा द्यावी लागते असंही नाही. जी आहे ती माळ म्हणून राहू द्यावी लागते.

त्यासाठी सरकारनं पडीक जमिनींच्या यादीतून नैसर्गिक गवताळ माळ वेगळे काढावेत, आणि हरित क्रेडिट असो की भरपाई वनीकरण, त्यांवर वृक्षलागवडीला सरळ मनाई करावी. ग्लिरिसिडिया, सुबाभूळ, वेडी बाभूळ जिथं पसरली आहे तिथं ती मुळासकट काढायला पैसे द्यावेत. ग्रामसभांनी यंदाच्या पावसाळ्यात माळावर एकही खड्डा घेऊ देऊ नये; देणगीदार रोपं घेऊन आलाच तर त्याला ओढा दाखवावा, रस्ता दाखवावा.

राहता राहिलं गवताचं बी. मोडलेला माळ सावरायचा तर पवन्या, मारवेल, डोंगरी गवताचं बी लागतं, तेही त्याच भागातलं, आणि ते बाजारात पोत्यानं मिळत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरात, बी पिकून गळायच्या आत, राखलेल्या कुरणांतून हातानं ओरबाडून गोळा करावं लागतं, सावलीत वाळवावं लागतं. हे काम माळाशेजारच्या गावांतल्या बायका आणि धनगरवाड्यांतली माणसं उत्तम करू शकतात. कोट्यवधी रोपांच्या पिशव्या भरायला पैसे निघतात, तर या बियाण्याला किलोमागे ठरलेला दर का निघू नये? रोजगार हमीच्या कामांच्या यादीत गवताचं बी गोळा करणं घाला आणि तालुक्याला एक बियाणं कोठी उघडा. येत्या दिवाळीपूर्वी हे सुरू करता येईल, कारण कुसळी आणि पवन्या कुणाच्या शासन निर्णयासाठी थांबत नाहीत.